आकाशाचे दप्तर

मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणावयाच्या असे ज्या वेळी घाटू लागले, त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेपुढे एक पेच उभा राहिला. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापासून चालू होती, आणि शहरभर खेळणाऱ्या विद्युत्प्रवाहामुळे तेथील नाजूक चुंबकसूची खोटी साक्ष देऊ लागणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दीत या मोजणीसाठी समुद्रापलीकडच्या अलिबागेची निवड झाली, लोहाचा अंश कटाक्षाने टाळून तेथे इमारत बांधली गेली, आणि १९०४ साली कामास आरंभ झाला. या हकीकतीतले खरे मर्म मात्र पुढे आहे. अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाब्याला त्याच दिवशी टाळे लागले नाही; १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवण्यात आली, ती अशासाठी की जुन्या आकड्यांची मालिका नव्या आकड्यांशी कोणत्या फरकाने जोडावयाची, याविषयी पुढच्या पिढ्यांच्या मनात संदेह राहू नये. विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली आणि १९६४ साली कायमची बंदही झाली. अलिबागची मोजणी चालूच आहे.

ही हकीकत मला वारंवार आठवते ती आणखी एका मोजणीच्या निमित्ताने, जिच्याकडे आपल्या सरकारचे व समाजाचे लक्ष असावे तितके नाही. ती मोजणी म्हणजे हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची. शास्त्रज्ञ त्यांना एरोसोल म्हणतात. आपल्या परिभाषाकारांनी वायुकलिल असा शब्द योजला आहे. थरच्या वाळवंटातून आणि अरबस्तानातून वैशाखात उडत येणारी धूळ, कोकणच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांतून हवेत जाणारे मिठाचे कण, चुलीतून, वीटभट्टीतून आणि डिझेलच्या इंजिनांतून निघणारी काजळी, दगडी कोळशातील गंधकाच्या धुरापासून हवेतच तयार होणारे सल्फेट, हे सारे त्या एका नावाखाली येते. यांतील पुष्कळसे कण केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही बारीक असतात, तरीही सूर्यापासून पृथ्वीला मिळणाऱ्या उष्णतेच्या जमाखर्चात त्यांचा हात फार मोठा आहे. सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परतवून लावतात आणि जमीन थंड ठेवतात. काजळी तो प्रकाश शोषून घेते आणि खालची जमीन झाकोळीत असतानाच मधली हवा तापवते. शिवाय असा एखादा कण आधारास असल्यावाचून ढगातला थेंबच जन्मास येत नाही. कण बेसुमार वाढले म्हणजे तेवढेच बाष्प अधिक थेंबांत वाटले जाते, थेंब लहान राहतात, ढग अधिक शुभ्र दिसतो आणि पावसाची सुरुवात लांबते.

कार्बन डायऑक्साइडचा एकदा हवेत गेलेला काही भाग शतकानुशतके तेथेच राहतो आणि वाऱ्याबरोबर सगळीकडे सारखा पसरतो. म्हणून हवाई बेटांवरच्या मौना लोआ या एका पर्वतावरच्या मोजणीवरून साऱ्या पृथ्वीचे अनुमान बांधता येते. सूक्ष्म कणांचे तसे नाही. खालच्या वातावरणात त्यांचे आयुष्य सरासरीने सुमारे आठवड्याभराचे. पाऊस आला की ते धुऊन जातात, वारा फिरला की दुसऱ्या प्रांतात जातात. नागपूरचे आकाश पुण्याच्या आकाशाची जामीनकी देऊ शकत नाही, आणि मार्गशीर्षातली मोजणी ज्येष्ठाच्या कामाची नाही. म्हणूनच एखाद्या ऋतूत चार विद्वान एखाद्या गावी जाऊन महिनाभर यंत्रे मांडून आले, तर त्या महिन्याची हकीकत त्यांना कळते, हवामानाची कळत नाही. हवामान कळावयाचे तर त्याच जागी, तशाच यंत्राने, त्याच पद्धतीने तीस-चाळीस वर्षे मोजीत राहावे लागते.

माणसाच्या स्मरणावर तर येथे मुळीच भिस्त ठेवता येत नाही. पुण्यातली वयोवृद्ध मंडळी सांगतात की पूर्वी हिवाळ्यातल्या सकाळी सिंहगड जितका स्वच्छ दिसे तितका आता दिसत नाही, आणि मलाही तसेच वाटते. पण तसे वाटणे हा दाखला होत नाही. १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, त्यानंतर मद्रासेत आणि सिंहलद्वीपात लोकांनी हिरवट सूर्य पाहिला, आणि पुढे कित्येक महिने जगभर संध्याकाळच्या आकाशात विलक्षण तांबडी आभा पसरत राहिली. लंडनच्या रॉयल सोसायटीने या सगळ्या वृत्तांतांचा मोठा ग्रंथ काढला. तरी सूर्यप्रकाश नेमका किती घटला, हे त्या वर्णनांवरून सांगता येत नव्हते. पुढे जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधला पिनातुबो फुटला तोवर मोजणीची यंत्रे जागोजागी बसलेली होती, म्हणून त्या स्फोटाने पृथ्वीचे सरासरी तपमान सुमारे अर्ध्या अंशाने तात्पुरते उतरेल, असे भाकीत जेम्स हॅन्सन आणि त्यांचे सहकारी आधीच करू शकले आणि ते खरेही ठरले.

आपल्याकडे या मोजणीचा पाया ज्यांनी घातला त्यांत अ‍ॅना मणी यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे, आणि त्या पायाचा पहिला चिरा पुण्यात बसला ही गोष्ट पुणेकरांनाही फारशी ठाऊक नसते. त्रावणकोर संस्थानातील पीरमेडे येथे १९१८ साली त्यांचा जन्म झाला. बंगळूरला चंद्रशेखर रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिऱ्यामाणकांच्या वर्णपटांचा अभ्यास केला. आणि इंग्लंडात हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेऊन १९४८ साली त्या हवामान खात्याच्या पुण्याच्या कचेरीत रुजू झाल्या. १९२८ साली शिमल्याहून हलवलेली ही कचेरी आजही सिमला ऑफिस याच नावाने ओळखली जाते. साधी साधी उपकरणेही तोवर परदेशातून येत. मणीबाईंनी शंभराच्या घरात उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करून ती येथेच बनवून घेण्याची व्यवस्था लावली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले. पुणे, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही त्यातली प्रमुख ठाणी. त्याच नोंदींवरून हवेचा गढूळपणा किती व कोणत्या ऋतूत किती, याचा हिशेब त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, हा त्यांचा आग्रह खात्यात सर्वश्रुत होता.

तो आग्रह किती दूरदृष्टीचा होता, हे पुढे साऱ्या जगाच्या अनुभवाला आले. १९७० नंतर जागतिक हवामान संघटनेच्या आश्रयाखाली अनेक देशांत हवेचा गढूळपणा मोजणारी केंद्रे निघाली. आपल्याकडेही श्रीनगरपासून कोडाईकनालपर्यंत आणि जोधपूरपासून मोहनबारीपर्यंत अशी दहा केंद्रे झाली, आणि त्यांत पुणे व नागपूर ही दोन महाराष्ट्रातली. सूर्याकडे रोखून धरावयाचे एक लहानसे यंत्र, त्यात ठराविक रंगाचाच प्रकाश आत सोडणाऱ्या काचा, आणि प्रकाश किती आला ते सांगणारा काटा, एवढाच त्याचा संभार. पण या काचा दमट हवेत हळूहळू निकामी होतात, आणि यंत्र कुरकुर न करता चुकीचे आकडे देऊ लागते. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे वेळोवेळी अंशशोधन, यंत्राचे माप पडताळून पाहणे. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, माथ्यावर आला म्हणजे पातळ. दिवसभराच्या अशा नोंदी आलेखावर मांडून हवा मुळीच नसती तर यंत्राने काय दाखवले असते, ते काढावयाचे, ही लँग्ली यांची जुनी युक्ती. त्यासाठी आकाश निर्मळ आणि निश्चल लागते, म्हणून जगभरच्या यंत्रांचे आदर्श नमुने आजही मौना लोआसारख्या उंच ठिकाणी नेऊन तपासले जातात. त्या काळी अनेक ठिकाणी या कामाची हेळसांड झाली. आणि १९९० नंतर संघटनेने जुन्या नोंदी तपासावयास घेतल्या, तेव्हा गढूळपणाच्या त्या मोजण्यांपैकी मोठा भाग भरवशाचा नाही, असा निवाडा तिला द्यावा लागला. जगभरच्या निरीक्षकांनी भर उन्हात उभे राहून केलेले दोन दशकांचे काम अशा रीतीने वाया गेले, आणि ते दिवस कोणत्याही किमतीला पुन्हा मोजता येणार नाहीत.

सुदैवाने ती चूक ओळखून पुढे काम करणारे लोक आपल्याकडेही होते. तिरुअनंतपुरमच्या अंतराळ भौतिकी प्रयोगशाळेने अनेक रंगांत सूर्यप्रकाश मोजणारे यंत्र स्वतः घडवले आणि १९८५ च्या सुमारास नोंदी सुरू केल्या. इस्रोच्या आश्रयाने त्याचे देशभर जाळे झाले. २०१३ साली या जाळ्यातील दीर्घकालीन नोंदी एकत्र करून सुरेश बाबू, कृष्ण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की भारतावरील आकाशाचा गढूळपणा १९८५ च्या मूल्याच्या प्रमाणात दरसाल सुमारे २.३ टक्क्यांनी वाढत गेला आहे, आणि शेवटच्या दशकात ती वाढ अधिकच झपाट्याची आहे. कानपूरच्या आय.आय.टी.त २००१ पासून अमेरिकेच्या नासाने चालवलेल्या जाळ्यातले यंत्र आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतही तसेच यंत्र बसले, आणि याच संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरास डोंगरमाथ्यावर ढगांची प्रयोगशाळा थाटली. मणीबाईंनी बसवलेल्या जाळ्याची पुण्याई तर अशी की, त्याच परंपरेतील बारा ठाण्यांच्या नोंदींवरून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली सिद्ध केले की १९८१ ते २००४ या काळात भारताच्या भूमीवर पोचणारा सूर्यप्रकाश दर चौरस मीटरास दरसाल सरासरी ०.८६ वॅटने घटत होता. मणीबाई हे उत्तर शोधीत नव्हत्या, कारण हा प्रश्नच त्यांच्या काळी कोणी विचारला नव्हता. पण उत्तर देणारे दप्तर त्यांनी मागे ठेवले.

याचा आपल्या शेतकऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील, तर पावसाळ्याचे सारे यंत्रच जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातील तफावतीवर चालते, हे ध्यानात घ्यावे. १९९९ च्या आरंभी व्ही. रामनाथन् व पॉल क्रुट्झेन यांच्या पुढाकाराने हिंदी महासागरावर मोठी संशोधनमोहीम झाली, आपले सागरकन्या जहाजही तीत होते; आणि उपखंडाकडून निघालेले धुरकट तांबूस पटल समुद्रावर किती दूर पसरते, ते पाहून जाणते शास्त्रज्ञही चकित झाले. हे पटल जमीन झाकोळते, समुद्रावरून उठणारी वाफ कमी करते आणि मान्सूनचा जोर ओसरवते, असा एक पक्ष आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर-मध्य भारतात पावसात जी घट झाली तिचे मुख्य कारण मानवनिर्मित कण होत, असे बोलासिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडले. उलटपक्षी हिमालयाच्या पायथ्याशी साचलेली काजळी आणि धूळ हवा तापवून पावसाला वरच ओढून घेतात, असेही प्रतिपादन झाले आहे. या वादात निकाल देण्याचा अधिकार मला नाही. तो निकाल ज्या पुराव्यावर लागणार, तो पुरावा मात्र आपल्याच गावांच्या आकाशात आहे आणि तो रोजच्या रोज नोंदवला गेला तरच उरणार आहे.

मोठा धोका तर पुढेच आहे. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार कार्बन डायऑक्साइडने पृथ्वीच्या उष्णतेच्या खात्यात दर चौरस मीटरास सुमारे २.१६ वॅटची भर घातली आहे, आणि सूक्ष्म कणांनी त्यातून सुमारे १.१ वॅटची वजावट केली आहे. पण ही वजावट ०.४ असेल की १.७, एवढी अनिश्चितता तिच्याभोवती आहे. म्हणजे आपण ज्या तापमानवाढीने हैराण झालो आहोत, ती धुराच्या पडद्याआड काहीशी लपलेली वाढ आहे, आणि पडदा किती जाड आहे हेच पुरते माहीत नाही. चीनने २०१३ नंतर गंधकाचा धूर झपाट्याने आटोक्यात आणला. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. आपल्याकडे कोळशावरच्या वीजकेंद्रांना गंधक रोखण्याचे बंधन डिसेंबर २०१५ मध्ये घातले गेले, मुदती वारंवार वाढवल्या गेल्या, आणि २०२५ साली बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. हा निर्णय मला खेदजनक वाटतो. धूर ऊन अडवतो म्हणून तो राहू द्यावा, असे म्हणणे म्हणजे चंद्रपूर-कोराडीच्या मुलांच्या फुप्फुसांवर देशाची सावली उभारणे होय. धूर गेलाच पाहिजे. पण तो जाताना मागची उष्णता किती वेगाने उघडी पडेल, पावसाचे मान कसे बदलेल, याचा अंदाज बांधावयाचा तर विदर्भाच्या आकाशाची धुराआधीची, धुराच्या काळातली आणि धुरानंतरची मोजणी सलग असली पाहिजे. नागपूरच्या केंद्राचे मोल मला वाटते ते यामुळेच.

आता उपग्रह आहेत, मग जमिनीवरच्या या खटाटोपाचे प्रयोजन काय, हा आक्षेप सुशिक्षितांतही ऐकू येतो. उपग्रहांची थोरवी मला मान्य आहे. २०२० च्या टाळेबंदीत उत्तर भारतावरील सूक्ष्म कणांचे प्रमाण त्या मोसमातील वीस वर्षांच्या नीचांकास आले, हे नासाला सांगता आले ते टेरा उपग्रहाची २००० सालापासूनची मालिका हाताशी होती म्हणून. परंतु त्याच टेराची कक्षा इंधनाच्या टंचाईमुळे आता ढळू लागली आहे, आणि कणांच्या अभ्यासासाठी खास बनवलेला ग्लोरी हा उपग्रह तर ४ मार्च २०११ रोजी उड्डाणातच समुद्रात गेला. वरून पाहणाऱ्याला कणांचा प्रकाश आणि खालच्या जमिनीचा प्रकाश वेगळा करावा लागतो, त्यात चूक होते, आणि ती दुरुस्त करण्यास जमिनीवरचे यंत्रच लागते. शहरांतल्या चौकाचौकांत लावलेले हवेच्या गुणवत्तेचे फलक हेही वेगळे काम करतात. नाकासमोरच्या हवेत काय आहे ते ते सांगतात, डोक्यावरच्या साऱ्या आकाशाचा हिशेब त्यांच्याजवळ नसतो.

या मोजणीला खरी बाधा आहे ती पैशाच्या तुटीहून अधिक पैशाच्या रीतीची. तीन किंवा पाच वर्षांचा प्रकल्प मंजूर होतो, यंत्र येते, कंत्राटी तरुण निरीक्षक नेमला जातो, चार निबंध प्रसिद्ध होतात, मुदत संपते, तरुण दुसऱ्या नोकरीवर जातो आणि यंत्रावर आच्छादन पडते. मौना लोआवरील चार्ल्स कीलिंग यांची जगविख्यात मालिकासुद्धा १९६४ च्या वसंतात काटकसरीपायी काही आठवडे खंडित झाली. ती खाच त्यांच्या आलेखात कायमची राहिली आहे. आपल्या राज्यात जमिनीची मोजणी कोणी प्रकल्प म्हणून करीत नाही. तलाठी बदलतो, तहसीलदार बदलतो, सरकार बदलते, पण सातबारा चालू राहतो, फेरफाराची नोंद होते आणि जुने दप्तर रेकॉर्डखोलीत जपून ठेवले जाते. कारण ज्या जमिनीचे दप्तर नाही तिच्यावरचा हक्क शाबीत करता येत नाही, हे आपण पिढ्यान् पिढ्या ओळखून आहोत. त्या जमिनीवर पडणारे ऊन आणि पाऊस यांच्या दप्तराला तोच दर्जा असावा, एवढीच माझी मागणी आहे.

म्हणून केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाला आणि महाराष्ट्रातील लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे. पुणे, नागपूर आणि महाबळेश्वर येथील मोजणी प्रकल्पांच्या खर्चातून काढून कायम आस्थापनेच्या खर्चात घालावी. निरीक्षकाचे आणि अंशशोधन करणाऱ्या कारागिराचे पद रिकामे राहू देऊ नये. कागदावरच्या जुन्या नोंदवह्या त्यांतल्या यंत्रबदलांच्या टिपांसकट संगणकावर उतरवून कोणाही विद्यार्थ्याला विनामूल्य खुल्या कराव्यात. आणि जुने यंत्र काढून नवे बसवावयाचे असेल तेव्हा कुलाबा-अलिबागेचा शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा दाखला समोर ठेवून, दोन्ही यंत्रे निदान दोन वर्षे शेजारी शेजारी चालू द्यावीत.